वाट

मराठीतला 'वाट' हा शब्द मोठा लहरी आहे. वाट काढावी, वाट पाहावी, वाट चुकावी, आणि नशीब फिरले की वाट लागावी! हे सारे अर्थ मला एका वर्षात शिकवले ते माझ्या पित्तनलिकेने.

यकृतातून रोज अर्धा ते एक लिटर पित्त आतड्यात उतरते, तेही जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या नळीतून. पित्ताशय काढल्यावर वर्षभराने माझी ही नळी एका जागी आकसली. डोळे पिवळे, अंगाला रात्रभर खाज. सातपूरसारख्या कारखान्यांच्या वस्तीत सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी काविळीची माळ सुचवली, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवायला' सांगितले. शेजारच्या फिटरने तर "तुंबलेला पाइप कापा, नवा जोड द्या," असा निकालच दिला. घरात मात्र कर्करोग हा शब्द कोणीच उच्चारत नव्हते. तो नाही असे तपासणीत ठरले, तेव्हा सौभाग्यवतींनी देवापुढे साखर ठेवली.

फिटरचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. नळी पार तुटली असेल, तर पोट उघडून ती आतड्याला जोडतातच. पण नुसती आकसली असेल, तर दुसरीही वाट आहे. तोंडातून दुर्बीण जठरापलीकडे नेतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत बारीक तार अरुंद जागेतून सरकवतात, तिच्यावरून इवला फुगा नेऊन फुगवतात आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून सव्वातीन मिलिमीटरची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवतात. नलिकेचे तोंड दुर्बिणीतून कापून मोठे करण्याची युक्ती १९७४ साली जपान आणि जर्मनीत निघाली. याच दुर्बिणीच्या विद्येत नाव कमावलेले मुंबईचे डॉ. अमित मायदेव यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

खरी परीक्षा पुढेच असते. स्टेंटमध्ये गाळ साचतो, म्हणून तो साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. एकाचे दोन, दोनाचे तीन, असे वर्षभर. पहिल्याच खेपेनंतर माझी खाज थांबली, डोळे निवळले, आणि मन म्हणू लागले, "आता कशाला जायचे?" पण विसरलेला स्टेंट तुंबतो, थंडी वाजून ताप येतो, आणि तो ताप जिवावर बेततो. सौभाग्यवतींनी कालनिर्णयवर चारही तारखांभोवती लाल वर्तुळे काढली होती.

आता आत एकही नळी नाही. नलिका पुन्हा आकसणार नाही, अशी हमी मात्र कोणी दिलेली नाही. म्हणून रक्ततपासणी चालू आहे. वाट काढली डॉक्टरांनी. वाट पाहण्याचे काम तेवढे आमच्याकडे आहे.