मोरोनचा उजवा हात

सेव्हिल शहरातून आग्नेयेकडे निघालेला रस्ता साठेक किलोमीटर ऑलिव्हच्या बागांमधून जातो आणि पडक्या किल्ल्याच्या टेकडीभोवती वसलेले मोरोन दे ला फ्रोन्तेरा हे गाव समोर येते. गल्ल्या चढउताराच्या, घरे पांढरीशुभ्र. दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात अशी पांढरी गावे पुष्कळ आहेत. मोरोनचे वैशिष्ट्य हे की, भिंतींना लागणारा चुना येथे पिढ्यान्‌पिढ्या भाजला जात आला. सिमेंट आणि कारखान्यातला माल बाजारात आल्यावर भट्ट्या विझू लागल्या. तेव्हा जाणत्या कारागिरांच्या आधाराने गावाने ही विद्या पुन्हा उभी केली. २०११ मध्ये युनेस्कोने या प्रयत्नाची आदर्श उपक्रम म्हणून नोंद घेतली.

गावाची दुसरी ओळख एका माणसाच्या उजव्या हाताशी जोडलेली आहे. दिएगो देल गास्तोर (१९०८–१९७३) या फ्लेमेंको गिटारवादकाचे आयुष्य बहुतांशी याच गल्ल्यांत गेले. मोठ्या शहरांचे रंगमंच आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्यापासून ते दूरच राहिले. स्नेह्यांच्या बैठकीत, मर्जी असेल तेव्हा वाजवावे, एवढीच त्यांची रीत. तरीही त्यांच्या वादनाला गावाचे नाव मिळाले. तबल्याच्या बाजांना दिल्ली, अजराडा, फर्रुखाबाद अशी गावांची नावे लाभली, तसाच हा मोरोनचा बाज.

गायन, नृत्य, टाळ्या आणि गिटार यांच्या मेळातून फ्लेमेंको घडते. ही कला घडविण्यात खितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजाचा मोठा वाटा आहे. या समाजाचे पूर्वज वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, असे त्यांच्या भाषेच्या अभ्यासावरून दिसते. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोहोचले. दिएगो याच समाजातले. परंपरेनुसार बैठकीत पहिला मान गायकाचा. गिटारने त्याला सूर द्यावा, ताल सांभाळावा आणि दोन कडव्यांमधील जागा एखाद्या छोट्या सुरावटीने भरावी. ही सारी जबाबदारी मुख्यतः उजव्या हातावर असते.

त्या हाताची सर्वांत ओळखीची क्रिया म्हणजे ‘रास्गेआदो’. पारंपरिक पद्धतीत बोटे तळहाताकडे सैलशी मिटलेली असतात. मग करंगळी, अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकामागून एक बाहेर उघडतात आणि नखांची पाठ सर्व तारांवरून फिरते. चार बोटांचे चार झंकार इतके लागून येतात की, दूर कोठे तरी ढोलावर थाप घुमावी तसा नाद होतो. यात तारांवर जोराने मारणे नसते. मिटलेले बोट सुटताना जो वेग येतो, तोच आवाज होतो. अंगठा बहुधा खर्जाच्या तारेवर टेकलेला असतो आणि हाताला स्थैर्य देतो. मधूनच अनामिका गिटारच्या पृष्ठावर टकोरा देते. त्या टकोऱ्याने लाकूड झिजू नये म्हणून तेथे पातळ पट्टी चिकटवलेली असते.

हे सारे तालाच्या चौकटीत बसावे लागते. सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते. बारा मात्रा एकतालातही असतात, पण तेथे दोन-दोन मात्रांचे सहा विभाग पडतात. येथे वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येते. म्हणजे दोनदा तीन-तीन मात्रांचे अंतर आणि तीनदा दोन-दोन मात्रांचे. रास्गेआदोची लाट नेमक्या मात्रेवर पोहोचली नाही, तर नर्तकीचे पाऊल अडखळते आणि गायकाचा श्वास चुकतो.

दिएगोंच्या हाताचे बळ अंगठ्यात होते. मोजके सूर, ठाम अंगठा आणि मध्येच सोडलेली शांतता, एवढ्यावर ते बुलेरिया उभी करीत. वेगाचे प्रदर्शन त्यात नव्हते. लय मात्र अढळ होती.

त्यांच्या हयातीतच फ्लेमेंको गिटार पुढे सरकत होती. रामोन मोन्तोया (१८७९–१९४९) यांनी शास्त्रीय गिटारमधील तंत्रे आणून एकल वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मेंढीच्या आतड्याच्या तारांची जागा १९४० च्या दशकापासून नायलॉनने घेतली. आल्हेसिरास या बंदरगावी जन्मलेल्या पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांनी गिटार धरण्याची तऱ्हाही बदलली. पूर्वी ती उजव्या मांडीवर उभट धरीत. पाको पायावर पाय टाकून ती आडवी ठेवीत. रास्गेआदोचे तीन-तीन आघातांचे प्रकार रुळले. त्यांपैकी ‘आबानिको’, म्हणजे पंखा, यात अंगठा वर जातो, बोट खाली येते आणि अंगठा पुन्हा खाली येतो. मनगटाच्या फिरकीने हे चक्र अखंड चालू राहते. दुबळ्या करंगळीवर मग विसंबावे लागत नाही.

या प्रगतीची किंमतही होती. पाकोंचा हात इतका प्रभावी ठरला की, गावोगावचे तरुण त्याचेच अनुकरण करू लागले. कोणता हात कोणत्या गावचा, हे ओळखणे कठीण होऊ लागले. दिएगोंनी तर स्वतःहून फारसे काही ध्वनिमुद्रित केलेच नव्हते. त्यांचे पुतणे-भाचे वाजवीत होते. शिवाय १९६० च्या दशकात मोरोनला येणाऱ्या अमेरिकन शिष्यांनी घरगुती टेपरेकॉर्डरवर पुष्कळ बैठकी टिपून ठेवल्या होत्या. बाजाराने न जपलेला ठेवा अशा रीतीने आप्तांच्या बोटांत आणि परक्यांच्या फितींत उरला.

मात्र यात पाकोंना दोषी धरणे अन्यायाचे होईल. कोवळ्या वयात ते इतरांच्या रचना वाजवीत, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या ज्येष्ठ वादक साबिकास यांनी त्यांना स्वतःचे संगीत वाजविण्याचा सल्ला दिला होता. पुढे १९६९ पासून कामारोन या गायकाबरोबर त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांत तो विलक्षण वेगवान हात गाण्यासाठी थांबतो, वाट पाहतो, मागे सरतो. गायकाचा मान त्यांनीही मोडला नाही. हरवले असेल तर ते अनुकरण करणाऱ्यांकडून हरवले.

मोरोनचा हात मात्र हरवला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘सोन दे ला फ्रोन्तेरा’ या वादकसंचाने दिएगोंच्या सुरावटी नव्याने मांडल्या. गिटार दिएगोंच्याच कुळातील पाको दे आम्पारो यांच्या हाती होती आणि सोबतीला क्यूबाचे ‘त्रेस’ हे तंतुवाद्य होते. जुने जसेच्या तसे गिरवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, आणि नव्याच्या भरात जुना अंगठाही सोडला नाही. २००६ मधील त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘काल’ असे आहे. स्पॅनिश भाषेत काल म्हणजे चुना.

चुन्याचा हात एकदाच देऊन भागत नाही. भिंत पांढरी राखायची तर तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. मोरोनच्या माणसांना हे कोणी वेगळे शिकवावे लागले नसेल.