भाडं थकलेल्यांची दोस्ती

बाबूराव गणपतराव आपटे मुळात मराठी नव्हते, असं सांगितलं की नागपूरच्या धंतोलीतल्या टपरीवर चहा पिणारे माझ्याकडे संशयाने पाहतात. पण खरं आहे ते. 1989 साली आलेल्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम चित्रपटात या गृहस्थांचं नाव होतं मन्नार मत्ताई, धंदा होता बसत चाललेल्या नाटक कंपनीचा, आणि भूमिका केली होती इनोसंट या नटाने. पुढे 2000 मध्ये प्रियदर्शनने 'हेराफेरी' काढला तेव्हा नाटक कंपनी जाऊन गॅरेज आलं आणि मत्ताईंचे आपटे झाले. मूळ चित्रपटात आपल्याकडचं वाटावं असं नाव आहे ते खंडणीखोराचं, रामजी रावचं. हिंदीत येताना मराठीपण खलनायकाकडून घरमालकाकडे गेलं. बढतीच म्हणायची.

मल्याळम मला येत नाही, सबटायटल वाचत पाहिला. निम्मा विनोद हातून निसटला असणार. तरी एक गोष्ट लक्षात राहिली: हे तिघं मित्र म्हणून सुरुवात करतच नाहीत. बालकृष्णन वडिलांमागे मिळायला हवी ती नोकरी मागायला शहरात आलेला. गोपालकृष्णन आईला आपण कलकत्त्याच्या कंपनीत आहोत, घर बांधतो आहोत, असं खोटंच कळवणारा. आणि मत्ताई या दोघांना छप्पर देऊन भाड्याची वाट बघणारा. एकाने दुसऱ्याला हुसकायचे उद्योग बराच वेळ चालतात. टेलिफोनच्या घोळातून खंडणीचा फोन भलत्याच घरी येतो, तोवर तिघांनाही एकमेकांची पत किती आहे ते कळून चुकलेलं असतं. लपवायला काही उरलं नाही, मग भांडायला तरी काय उरणार?

केरळमध्ये तेव्हा पदव्या होत्या आणि नोकऱ्या नव्हत्या. 1987 च्या 'नाडोडिक्काट्ट' या मल्याळम चित्रपटातला दासन आपल्या बी.कॉम.चा टेंभा मिरवत विजयनला पदोपदी कमी लेखतो. मग दोघं कर्ज काढून गायी घेतात, गायी पुरेसं दूध देत नाहीत, आणि दोघं एकत्रच बुडतात. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'तल्या चौघांनाही 1988 मध्ये बांधून ठेवलं ते पुण्यातल्या जागेच्या टंचाईने. चौघांना परवडणारी खोली सहज मिळाली असती, तर तो चित्रपट पहिल्या रिळातच संपला असता. 'दुनियादारी'तली मित्रांची भाषणं ऐकून डोळे पुसणारे पुष्कळ आहेत. मला ती जड जातात. दोस्ती बोलून दाखवायला लागली की मला उगाच कोणाचं तरी लग्न लागतंय असं वाटतं.

धंतोलीत राहणाऱ्याला न बोलणारी दोस्ती रोज दिसते. इथे गल्लोगल्ली दवाखाने. त्यांच्या गर्दीचा आणि पार्किंगचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन आला. संध्याकाळी एमएच 29, एमएच 34 नंबरच्या गाड्या रस्त्याच्या कडेला दाटीने लागतात, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या. पेशंटचा मुलगा आयसीयूच्या दाराशी असतो. त्याच्याबरोबर आलेला मित्र खाली. रिपोर्टांची पिशवी त्याच्या काखेत, मेडिकलच्या काउंटरवर रांगेत तो, रक्त द्यायला गावाकडून कोण येतंय ते फोनवर तोच ठरवतो आहे. एकदा पायरीवर बसलेल्या दोघांचं बोलणं कानावर आलं.

"दोन घास खाऊन घे ना बे."

"भूक नाही."

"मंग मी काय तुया बापासाठी उपाशी राहू?"

आणि दोघंही हसले. ज्याचा बाप वर होता तो जास्त हसला. उठून पोळी-भाजी खायलाही गेला. 'काळजी करू नको, सगळं ठीक होईल' या वाक्याने तो उठला नसता, असं मला वाटतं. त्या शिवीसारख्या प्रश्नाने त्याला सहानुभूती स्वीकारायच्या अवघडलेपणातून मोकळं केलं. जाताना मी एवढंच ऐकलं: "डिपॉझिट किती भरलं तू?" आणि त्यावर, "पाहू ना नंतर."

मात्र याचं कौतुक करताना जरा हात आखडावा. दोघांच्या मध्ये काही काम असलं तरच बोलणाऱ्या पुरुषांचं, काम संपल्यावर काय होतं? भाडं फिटतं, नोकरी लागते, बाप घरी जातो, आणि मित्राला फोन करायला निमित्त सापडत नाही. नुसतं 'कसा आहेस' विचारायला फोन केला तर पलीकडचा घाबरतो, कोण ॲडमिट आहे म्हणून. माझे कॉलेजचे दोन मित्र याच शहरात आहेत; भेट होते ती बहुधा कोणाच्या तरी दवाखान्यात, पार्किंगची पावती हातात धरून. विनोदी चित्रपट या जागी हुशारीने थांबतात. 'मन्नार मत्ताई स्पीकिंग' नावाचा पुढचा भाग 1995 मध्ये आला, आणि त्यात या तिघांना पुन्हा नव्या लफड्यात टाकावं लागलं. सुखात त्यांचं काय करायचं, हा प्रश्न तिथेही होताच.

'रामजी राव'चे दिग्दर्शक सिद्दीक आणि लाल हे स्वतः जोडीदार. कोचीच्या कलाभवनातल्या मिमिक्रीपासूनचे, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पुढे दिग्दर्शनात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सिद्दीकने एकट्याने 'हिटलर' केला, 1996 मध्ये, आणि त्याचा निर्माता होता लाल. 2023 मध्ये मार्चात इनोसंट गेले, ऑगस्टमध्ये सिद्दीक. जोडी मोडल्याची कारणं शोधण्यात मला रस नाही. 'हिटलर'च्या खर्चावरून त्या दोघांत मनसोक्त भांडणं झाली की नाही, तेवढं मात्र लालना विचारायला आवडेल.