नेम चुकलेली वाढ

मुलांच्या संदर्भात ‘वाढ’ हा शब्द मराठीत जवळजवळ नेहमीच शुभ अर्थाने येतो. वाढते अंग, वाढीचे वय, वाढदिवस; पानात अन्न घालणे तेही वाढणेच. वाढ खुंटणे हे संकट. वाढ होणे हेच संकट असू शकेल, ही कल्पना आपल्या भाषेला सहसा सुचत नाही. म्हणूनच गेल्या वर्षी आमच्या चार वर्षांच्या भाच्याच्या आतड्यात ‘एक वाढ दिसते आहे’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा वाक्य कळूनही त्याचा अर्थ लागायला आम्हाला वेळ लागला.

शौचावाटे ताजे, लालभडक रक्त. दुखणे मात्र काहीच नाही. मूल खेळते आहे, जेवते आहे. वेदनेची तक्रार नसल्यामुळे घरातल्या मोठ्यांनी तर्क लढवले. कुणी उष्णता म्हटले आणि गुलकंद सुचवला, कुणी मूळव्याध म्हटले. ‘मोड आला असेल,’ असे आजी म्हणाल्या. या शब्दापाशी आम्ही थोडे थांबलो. मूळव्याधीला मोड येतात, कडधान्यालाही मोड येतात. संस्कृत वैद्यकग्रंथांनीही अर्श या रोगाचे वर्णन मांसाचे अंकुर म्हणून केले आहे. शरीरातल्या अनाहूत वाढीकडे पाहताना आपल्या पूर्वजांना आधी वनस्पती आठवली. आणि लहान मुलांच्या आतड्यातला हा सर्वसामान्य पॉलिप खरोखरच एखाद्या फळासारखा असतो: गोल, गुळगुळीत, लालसर, बारीक देठाला लोंबणारा. कधी कधी देठ पिळवटून तो आपोआप गळूनही पडतो.

वैद्यकात याला ‘ज्युव्हेनाइल पॉलिप’ म्हणतात. साधारणतः दोन ते दहा वर्षे वयाच्या मुलांत तो आढळतो. बहुधा एकच असतो आणि बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात किंवा गुदाशयात असतो. मल पुढे सरकताना त्याला घासतो आणि रक्त येते. मुलाला भूल देऊन, दुर्बिणीच्या नळीतून तारेचा एक फास त्याच्या देठाभोवती टाकतात आणि विजेच्या प्रवाहाने देठ कापतात. त्याच उष्णतेने जखम बंद होते. हे तंत्र न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ च्या सुमारास रूढ केले. त्याआधी हात पोचणार नाही इतक्या आतल्या पॉलिपसाठी पोट उघडावे लागे. आमचा भाचा संध्याकाळी घरी आला आणि त्याने वरणभात मागितला.

खरा कठीण काळ त्यानंतरचा होता. काढलेला तुकडा तपासणीला गेला होता. ‘गाठ’ या शब्दाने घराचा ताबा घेतला होता. मराठीत गाठ म्हटली की पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही, पण तो सर्वांना ऐकू येतो. त्याहून वाईट होता तो दोषाचा शोध. आमची बहीण एकेक आठवण उकरत बसे: बाहेरचे काही खायला दिले का, गरोदरपणात कुठले औषध घेतले का, वरचे दूध लवकर सुरू केले का. तिला कुणी बोल लावला नव्हता; पण तिचे सांत्वन करतानाही जो तो एखादे कारण सुचवी, आणि प्रत्येक कारणाच्या टोकाला तीच उभी असे.

आठवड्याने अहवाल आला. त्यात एक विशेषण होते: ‘हॅमार्टोमॅटस’. साहित्य शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा शब्द एकाच वेळी परका आणि अतिपरिचित वाटला. ‘हॅमार्टोमा’ ही संज्ञा ऑयगेन आल्ब्रेख्ट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये घडवली. तिचे मूळ हॅमार्शिया याच ग्रीक शब्दकुळात आहे. ज्या अवयवात वाढ होते त्या अवयवाच्याच पेशी, परकी पेशी एकही नाही. फक्त त्यांची मांडणी बिघडलेली, प्रमाण चुकलेले. अशा वाढीसाठी त्याला नाव हवे होते.

हॅमार्शियाचा अर्थ काय, हा आपल्या वर्गांतला जुना वाद. पुढे ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या ग्रीकमध्ये तो पापाला रूढ झाला, आणि कदाचित त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या शोकात्म नायकाच्या स्वभावातला ‘दोष’ शोधत परीक्षेची उत्तरे लिहिली गेली. पण या शब्दाच्या मुळाशी असलेले क्रियापद नेमबाजीचे आहे. भाला फेकला आणि लक्ष्यापासून हुकला, एवढेच. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल स्पष्टच सांगतो, की नायकावर येणारे संकट दुष्टपणामुळे नव्हे, तर हॅमार्शियामुळे यावे. हे वाक्य आम्ही किती वर्गांत समजावून सांगितले असेल! पण बहिणीला ते सांगताना त्यातल्या ‘नव्हे’ला किती वजन आहे, हे जाणवले. ‘पेशी तुझ्या मुलाच्याच आहेत, वाढताना त्यांचा नेम चुकला. यात कुणाचे पाप नाही,’ असे आम्ही तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘पुन्हा चुकेल का?’

हा प्रश्न टीकाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा होता, म्हणून डॉक्टरांकडे नेला. एकटा पॉलिप असेल आणि घराण्यात असा इतिहास नसेल, तर कर्करोगाचा धोका वाढत नाही, असे त्यांनी सांगितले. पण मोठ्या आतड्यात पाच किंवा अधिक पॉलिप असतील, किंवा घरात आणखी कुणाला असतील, तर गोष्ट वेगळी. तो आनुवंशिक विकार असू शकतो. तेव्हा प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, कर्करोगाचा धोका खरा असतो आणि नियमित तपासणी आयुष्यभर करावी लागते. उत्तम शोकात्मिका मोजक्याच घराण्यांभोवती रचल्या जातात, हेही ॲरिस्टॉटलने त्याच प्रकरणात म्हटले आहे. आम्हाला ते तेव्हा आठवायला नको होते.

अशाच एका घराण्याची नोंद यान पॉयत्स या डच वैद्याने १९२१ मध्ये केली. त्या कुटुंबात आतड्यांतल्या पॉलिपसोबत ओठांवर आणि तोंडात काळसर ठिपके असत. १९४९ मध्ये हॅरल्ड जेगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधाचे सविस्तर वर्णन केले. आज तो विकार दोघांच्या नावाने ओळखला जातो. ओठांवरचे ते ठिपके वयाबरोबर फिकट होतात, म्हणून ते बालपणीच पाहावे लागतात. शरीरावरच्या खुणेने पटलेली ओळख, म्हणजे ओडिसियसचा व्रण किंवा अशाच गोष्टी, ॲरिस्टॉटलला कलादृष्ट्या कनिष्ठ वाटत. वैद्यकात मात्र असे बटबटीत अभिज्ञानच प्राण वाचवू शकते.

डॉक्टरांनी शेवटी विचारले, ‘तुमच्याकडे कुणाला आतड्याचा आजार होता का?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे एक चुलत आजोबा चाळिशीत ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले, एवढेच वाक्य घरात चालत आले आहे. कुठले दुखणे, ते कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. शौचाशी संबंधित काहीही बोलायचे नाही, हा आपल्या घरांचा सभ्यपणा. त्या सभ्यपणाने एका माणसाच्या मृत्यूचे कारण आमच्यापासून कायमचे हिरावून घेतले.

त्यामुळे भाच्याच्या फाइलमध्ये कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात आम्ही ‘नाही’ असे लिहिले नाही. ‘चुलत पणजोबा, वय चाळिशीत, पोटाचा आजार, निदान अज्ञात’ असे लिहिले. अहवालाची एक प्रत बहिणीने वेगळी ठेवली आहे. मुलगा मोठा झाला की ती त्याच्या हाती द्यायची, आणि त्यातला तो शब्द त्याला नीट समजावून सांगायचा, असे ठरले आहे.