कागद वाळेपर्यंत

जलरंगात काम करणाऱ्याला प्रवासात दोन घड्याळं सांभाळावी लागतात, एक उन्हाचं आणि दुसरं कागदाचं. समोरचा उजेड किती वेळ टिकणार आणि कागदावर टाकलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, किती वेळ ओला राहणार, या दोन हिशेबांवर जागेवरचं चित्र उभं राहतं किंवा फसतं. दोन्ही घड्याळांची चावी त्या जागेच्या हाती असते. आपण फक्त वेळ ओळखायची.

ती ओळखायला मी कृष्णाकाठी शिकलो. रविवारी ‘लँडस्केपला जायचं’ म्हणजे वाई, नाहीतर मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट, तिथली वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा आणि पायऱ्यांवर पडलेल्या झाडांच्या सावल्या. डिसेंबरातल्या सकाळी आभाळाचा वॉश टाकून चहा पिऊन आलं तरी कागद ओलाच असायचा. मे महिन्यात तोच वॉश ब्रश उचलायच्या आत कड धरायचा. आमचे चित्रकलेचे सर सांगायचे, ‘आधी कोपऱ्यात पाण्याचा एक हात फिरव आणि बघ. हवा काय म्हणते ते कळल्याशिवाय चित्राला हात लावू नकोस.’ ही सवय आजही सुटलेली नाही. पुढे दूरदूरच्या देशांत गेलो, पण पहिला अर्धा तास सगळीकडे असाच जातो. बरोबरची मंडळी फोटो काढतात आणि मी एका फुटकळ कागदावर पाणी वाळताना बघत बसतो.

जॉर्डनमधल्या पेत्रात दोन्ही घड्याळं धावतात. ‘सिक’ नावाच्या अरुंद घळीतून सुमारे सव्वा किलोमीटर चाललं, की कड्यांच्या फटीतून ‘खजाना’ नावाच्या वास्तूची दर्शनी बाजू दिसू लागते. जवळजवळ 40 मीटर उंचीची ही वास्तू नबाती कारागिरांनी कड्यात कोरली, बांधली नाही. ती पूर्वाभिमुख आहे आणि समोर उभे कडे, त्यामुळे थेट ऊन तिच्यावर येतं ते सकाळच्या थोड्या वेळापुरतं. वाळवंटाची कोरडी हवा तेवढाही वेळ देत नाही. एका ओल्या रंगात दुसरा सोडावा म्हटलं, तर पहिला कधीच वाळलेला असतो. मग मोठे वॉश विसरायचे. कागद मागून भिजवायचा, घळीच्या सावलीत बसायचं, लहान लहान तुकडे थेट लावत जायचे आणि ब्रशचा फटका दिसला तर दिसू द्यायचा. गंमत म्हणजे त्या दगडाला हेच मानवतं. लोह आणि मँगेनीजच्या ऑक्साइडांमुळे तिथल्या वालुकाश्मात गुलाबी, पिवळे, जांभळे पट्टे आलेले आहेत. अर्धकोरड्या ब्रशचा खरखरीत फटका त्या पट्ट्यांवर बरोबर बसतो.

मात्र मेणवलीची सावली तिथे चालत नाही. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सायना मिसळून आम्ही जो करडा रंग करायचो, तो पेत्रात मेलेला दिसतो. समोरच्या उन्हातल्या कड्यावरून परतलेला उजेड सावलीत शिरतो आणि सावलीच आतून तापल्यासारखी नारिंगी होते. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स 1839 मध्ये इथे येऊन गेला. त्याच्या पेत्राच्या चित्रांवरून पुढे लिथोग्राफ निघाले आणि युरोपनं हे शहर बरंचसं त्यांच्यातून पाहिलं. ती चित्रं पाहताना मी आधी सावल्या बघतो.

कंबोडियातल्या अंगकोर वाटला मात्र घड्याळांचं आपसात पटत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य तिरका रेंगाळत वर येत नाही, जवळजवळ सरळ चढतो. पहाटेचा रंग पाहता पाहता ओसरतो. कागद मात्र दमट हवेत वाळायचं नावच घेत नाही. तळ्याकाठी शेकडो लोक सूर्योदयासाठी ताटकळतात. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बांधलेलं हे मंदिर पश्चिमाभिमुख असल्यानं पहाटे त्याच्या पाच शिखरांची फक्त काळी आकृती दिसते. दगडावर उजेड पडतो तो दुपारनंतर, गर्दी पांगल्यावर. म्हणून पहाटेला एकच वॉश: आभाळ वरून खाली सोडायचं आणि ओल्यातच शिखरांचा गडद रंग टेकवायचा. कडा जरा विरघळल्या तर विरघळू द्यायच्या, त्या हवेत दूरचं काही धारदार दिसतच नाही. मग बोर्ड आडवा ठेवून दुसरा कागद घ्यायचा. अर्धवट ओल्या वॉशवर घाईनं पाणी पडलं तर डाग फुटतो, चित्रकार ज्याला कॉलिफ्लॉवर म्हणतात. आभाळात तो नको असतो. पण शेवाळानं आणि पावसानं काळवंडलेल्या भिंतींवर तो मी मुद्दाम पाडतो. शतकानुशतकांच्या ओलीनं त्या दगडावर जे केलं, तेच पाणी कागदावर घटकाभरात करून दाखवतं.

आणि नॉर्वेचं लोफोटेन. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, 68 अक्षांशावर समुद्रातून उठलेले काळे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी कोळ्यांची लाल लाकडी घरं. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. मध्यरात्रीही तो उत्तर क्षितिजाला टेकून आडवा सरकत राहतो. आपल्याकडे जो सोनेरी उजेड कसाबसा अर्धा तास मिळतो, तो तिथे तासन्‌तास हलत नाही. लाकडी मांडवांवर कॉड मासे टांगलेले असतात, वसई-अर्नाळ्याला बोंबील वाळत घालावेत तसे, बिनमिठाचे, फक्त महिनोन्‌महिने थंड वाऱ्यावर. कागदही त्याच चालीनं वाळतो. हिवाळ्यात तर ब्रशमधलं पाणीच गोठतं, वॉशमध्ये बर्फाच्या स्फटिकांची नक्षी उमटते आणि काही चित्रकार पाण्यात थोडी व्होडका घालतात.

इतका वेळ मिळाल्यावर चित्र उत्तम व्हायला हवं, असं वाटेल. तसं होत नाही. उजेड पळत नाही, कागद वाळत नाही, म्हणून हात थांबत नाही. आणखी एक खिडकी, आणखी एक दोरी करत करत चित्र मारलं जातं. पेत्रात ‘पुरे’ असं जागा सांगते, लोफोटेनला ते स्वतःला सांगावं लागतं. मला तरी हे दुसरं काम जास्त जड जातं.

व्हेनिसला तिसरं घड्याळ निघतं, भरती-ओहोटीचं. पाणी उतरलं की भिंतींच्या तळाशी शेवाळाची हिरवी पट्टी उघडी पडते, चढलं की ती बुडते आणि प्रतिबिंबाची सगळी मापं बदलतात. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट इथे गोंडोलात बसून रंगवायचा, म्हणून त्याच्या चित्रांत महाल पाण्याच्या पातळीवरून, मान वर करून पाहिल्यासारखे दिसतात. बसायची जागाही चित्र ठरवते, ती अशी.

माझे काही सोबती जागेवर नुसती पेन्सिल चालवतात आणि रंग रात्री खोलीवर भरतात. इंग्रज चित्रकार टर्नरही प्रवासात बाहेर बहुतेक पेन्सिलच चालवायचा, हा त्यांचा हुकमी दाखला. दाखला खरा आहे. पण 1840 मध्ये व्हेनिसला टर्नर उतरला होता ते हॉटेल युरोपा ग्रँड कॅनालच्या मुखाशी होतं, समोर सांता मारिया देल्ला सालूते हे चर्च. त्याच्या खोलीत एसी नव्हता, बाहेरची हवाच आत होती. आज आपण ज्या खोल्यांत उतरतो त्या अम्मानला, अंगकोरजवळच्या सिएम रीपला, व्हेनिसला एकाच तापमानाच्या असतात. तिथे पूर्ण केलेली चित्रं शेजारी शेजारी मांडली तर इमारती वेगळ्या दिसतात, हवा सगळ्यांत एकच. मला ते परवडत नाही. अर्धवट राहिलेलं चित्र मी अर्धवटच घरी आणतो.

प्रदर्शनात लोक हमखास विचारतात, ‘हे करायला किती वेळ लागला?’ काही चित्रकारांना हा प्रश्न बाळबोध वाटतो, मला तो सर्वांत नेमका वाटतो. पेत्राच्या चित्रापुढे उभं राहून मी सांगतो की जास्त मिळालाच नाही. अंगकोरचं विचारलं तर, उजेडाला थोडा आणि पाण्याला फार. लोफोटेनपुढे मात्र मी प्रश्न उलटवतो: तुम्हीच सांगा, मी कुठे थांबायला हवं होतं?