इंजिन, टायर आणि पुढचा चढ

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंड येथे एका किराणा-भुसार दुकानामागच्या घरात यंदाच्या दिवाळीत दोन वाद एकाच वेळी चालू होते. एक बाप-लेकांचा, अबोल. दुसरा बारा वर्षांच्या नातवाचा, मोबाइलमधल्या जीपशी.

बाप-लेकांचा वाद टेम्पोवरून होता. केडगाव, पाटस, कुरकुंभपर्यंत माल पोहोचवता यावा म्हणून मुलाला कर्ज काढून दुसरा टेम्पो घ्यायचा होता आणि जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. वडिलांचे म्हणणे एकच : ऊसवाल्या शेतकऱ्यांची उधारी कारखान्याचे बिल आल्यावर सुटते, हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला दोघे शेजारी बसत, पण टेम्पोचे नाव कोणी काढीत नसे.

नातवाचा खेळ होता ‘हिल क्लाइंब रेसिंग २’. फिनलंडमधील फिंगरसॉफ्ट या कंपनीने २०१२ साली पहिला खेळ काढला. त्याची ही २०१६ सालची दुसरी आवृत्ती. चढउतारांवरून जीप पळवायची, नाणी वेचायची आणि टाकी रिकामी होण्याआधी इंधनाचा पुढचा डबा गाठायचा. नाण्यांच्या बळावर इंजिन, टायरची पकड, सस्पेंशन आणि चारही चाकांना मिळणारी ताकद वाढवता येते. प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा महाग. याशिवाय चुंबक, पंख, बर्फावरचे टायर असे जादा भाग असतात. पण ते बसवायला जागा मोजक्याच. एक घ्यायचा तर दुसरा सोडावा लागतो.

नातवाने सारी नाणी इंजिनात ओतली होती. चढ लागला की जीप पुढून उचले, मागे कलंडे, चालकाचे डोके जमिनीवर आपटे आणि खेळ संपे. धनत्रयोदशीच्या दुपारी तो आजोबांजवळ येऊन बसला.

“दादाजी, पाचशे रुपये द्या ना. रत्नं विकत घेतली की जीप सुधारता येते.”

“जीप उलटते कशामुळे?”

“ते नाही माहीत.”

“मग पाचशे रुपयांनी नेमकं काय सुधारणार?”

रुपये मिळाले नाहीत. मिळाली ती गेल्या वर्षीची एक कोरी राहिलेली लाल चोपडी. रोजमेळासारखी नोंद ठेवायची : कोणता भाग वाढवला, रस्ता कोणता, जीप किती मीटर गेली, शेवट कशाने झाला. अट एकच, एका वेळी एकच बदल.

पोराने इमानाने नोंदी केल्या. टायरची पकड वाढवल्यावर तीच जीप तोच चढ चढू लागली. सस्पेंशन सुधारल्यावर उडीनंतर ती सावरू लागली. लांबच्या प्रवासात चुंबक कामाचे; पण शर्यतीत क्रमांकाला महत्त्व, तेथे चुंबकाने अडवलेली जागा वाया जाते. आजोबा रोज संध्याकाळी चष्मा लावून चोपडी वाचीत. पहिली चार पाने त्यांच्या मनाजोगती होती. ती मुलाला दाखवावीत, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

पाचव्या दिवशी नातवाने आजोबांना आवडेल असा प्रयोग केला. नवे वाहन घेऊन त्याने इंजिनाला हातही लावला नाही. सारी नाणी टायर आणि सस्पेंशनवर घातली. त्या पानाच्या तळाशी त्याने लिहिले होते : “एकदाही उलटली नाही. मोठ्या चढावर अर्ध्यातच थांबली. इंधन तिथेच संपलं.”

आजोबांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. जमेची बाजू दाखवून नावेची झाकणे त्यांनी पन्नास वर्षांच्या व्यापारात कधी केले नव्हते. ज्ञानपंचमीच्या संध्याकाळी त्यांनी मुलाला हाक मारली आणि चोपडी त्याच्यापुढे ठेवली.

“पहिली चार पानं तुझ्यासाठी आहेत. पाचवं माझ्यासाठी.”

त्या रात्री खतावणी उघडली गेली. सहा महिन्यांपेक्षा जुनी उधारी किती, हंगाम नसलेल्या महिन्यांत गल्ल्यात किती उरते, हप्ता त्यात बसतो का, हे आकडे बाप-लेकांनी प्रथमच एकत्र मांडले. ठरले ते दोघांच्याही मूळ म्हणण्याहून वेगळे होते. टेम्पो घ्यायचा, पण आधी जुनी वसुली करून निम्मी रक्कम उभी करायची, उरलेल्याचेच कर्ज काढायचे आणि तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्यावरच गाडी दारात आणायची. या अटींवर वडिलांनी सहीचा शब्द दिला.

वसुली होईल की नाही, हे आता गावोगाव फिरल्यावरच कळेल. मुलगा दुसऱ्याच दिवशी सकाळी यादी घेऊन निघाला. पाचशे रुपयांचा विषय नातवाने पुन्हा काढला नाही. त्याने चोपडीचे नवे पान उघडले आणि वर लिहिले : इंजिन एक पायरी, टायर एक पायरी.