शिडाच्या होडीतून जंजिरा

आम्हा सोलापूरकरांना पाणी ठाऊक ते सिद्धेश्वर तलावाचे. त्यामुळे राजपुरीच्या धक्क्यावरून मित्रांसह शिडाच्या होडीत बसलो, तेव्हा इंजिनाची घरघर नसलेला तो प्रवास अपूर्व वाटला. बोट लागू नये म्हणूनच्या गोळीने ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो. काचबिंदू वा वाढलेले प्रोस्टेट असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मी कोणालाच दिली नाही. क्षितिजाकडे पाहत राहा, इतकेच सांगितले.

खरी कसोटी जंजिऱ्याच्या दरवाजाशी लागली. होडी लाटेवर हातभर वरखाली होत होती आणि तिच्यातून ओल्या पायरीवर पाऊल टाकायचे होते. गुडघा बदललेल्या ७२ वर्षांच्या मित्राने माझ्याकडे पाहिले. मी ‘नको’ म्हणालो. तो रुसला. मग मीही उतरलो नाही. तटाखाली दोघांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. रुसवा दुसऱ्या भाकरीपर्यंतच टिकला.