उन्हातली काटेकोरांटी

काटेकोरांटी ही अडुळशाच्या कुळातली बहुवर्षायू, झुडूपवजा वनस्पती. लिनियसने १७५३ मध्ये तिला बार्लेरिया प्रायोनायटिस हे शास्त्रीय नाव दिले. दात दुखला की तिची पाने चावतात, म्हणून काही जण तिला वज्रदंतीही म्हणतात. नागपूरच्या भर उन्हातल्या वाफ्यासाठी इतके चिवट आणि आटोपशीर काटेरी झाड दुसरे क्वचितच सापडेल.

युरोपातल्या बागांमध्ये ही जागा सी हॉली, म्हणजे एरिंजियम, घेते. निळसर काटेरी बोंडांचे ते झाड दिसते देखणे, पण त्याला हिवाळ्यात कडक गारठा आणि बाराही महिने निचऱ्याची जमीन लागते. नागपुरात गारठा बेताचाच. पावसाळ्यात तर काळी माती फुगून पाणी धरून ठेवते आणि खोल सोटमूळ कुजते. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, पण अशा झाडांचा खरा वैरी जुलैचा चिखल.

काटेकोरांटीलाही साचलेले पाणी मानवत नाही. म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्यावा आणि काळ्या मातीत मुरूम व कन्हान नदीची जाडी वाळू सढळ हाताने मिसळावी. शेणखत थोडेच पुरे. ते जास्त झाले की फांद्या लांबट होतात आणि फुले रोडावतात. जूनचे पहिले पाऊस पडले की पेन्सिलीएवढ्या जाडीची छाटे लावावीत. पहिला उन्हाळा पाणी द्यावे लागते. मग झाड आपले आपण सांभाळते.

मोकळे सोडले तर ते चार-पाच फूट वाढते. गुडघाभर उंचीत दाट ठेवायचे असेल तर फुलोरा सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, निम्म्यावर छाटावे. पाऊस ओसरू लागल्यावर मात्र कात्री लावू नये. फुले नव्या शेंड्यांवर येतात, त्यामुळे उशिरा छाटणारा आपल्याच हाताने बहर कापतो.

पावसाळ्यानंतर केशरट पिवळी फुले येतात. वरच्या ओठाला चार पाकळ्या, खालच्याला एकच, आणि दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. पानाच्या बगलेतले काटे बारीक पण अणकुचीदार असतात. लेमन पॅन्सी आणि ब्ल्यू पॅन्सी या फुलपाखरांच्या अळ्या हिची पाने खातात. त्यांच्यावर औषध फवारण्याचे काही कारण नाही. छाटणीनंतर पाने पुन्हा फुटतातच.

चोचीसारख्या टोकाच्या बोंडात दोन चपट्या बिया असतात. वाळलेले बोंड तडकते आणि त्या लांब उडतात. भिजल्या की त्यांच्यावरची लव बुळबुळीत होऊन मातीला चिकटते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात याच वनस्पतीला उपद्रवी तण ठरवले आहे. तेव्हा नको असलेली रोपे लहान असतानाच उपटावीत. आणि काट्यांमुळे हे झाड पायवाटेला लागून किंवा धुणे वाळत घालायच्या तारेखाली लावू नये.